पितळी कड्यांचा बॉक्स

“मधे एक फळी आडवी टाकतो,” पप्पा म्हणाले.

“टाकू नका.”

“पोट थरथरंल त्याचं.”

“पप्पा, नकाशात फळी नाही.”

नकाशा म्हणजे पुण्याच्या ज्या दुकानातून मी पंधरा इंची स्पीकर आणला होता, त्या दुकानदाराने दिलेला झेरॉक्सचा कागद. बॉक्सची उंची, रुंदी, खोली, पुढच्या गोल भोकाचं माप, सगळं त्यावर बाण काढून लिहिलेलं होतं. तो मी वर्कशॉपच्या भिंतीला टाचण्या लावून टांगला होता. पप्पांनी पहिल्या दिवशी त्यातली मापं वाचली आणि मग दोन आठवडे त्या कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आताही त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, बॉक्सच्या आत हात घालून वितीने माप घेतलं आणि फळीला करवत लावली. मी बोलत होतो, ते कापत होते. त्यांच्याशी भांडण नेहमी असंच व्हायचं.

ही १९९४ सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो. नगरला मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचो आणि रविवारी चर्चमध्ये बेस गिटार वाजवायचो. चार जाड तारांची ही गिटार साध्या स्पीकरला झेपत नाही. आमच्या चर्चच्या जुन्या स्पीकरमधून ती शेजारच्या घरात कुणी पुटपुटत असल्यासारखी ऐकू यायची. मंडळीतल्या निम्म्या लोकांना वाटायचं, मी नुसताच उभा असतो.

तेव्हा मोहित्यांचा ऑर्केस्ट्रा जिल्हाभर फिरायचा. त्यांचा बेसवाला मुंबईला निघून गेला आणि माझा मित्र अन्वर, जो त्यांचं सामान स्वतःच्या टेम्पोतून वाहायचा, त्याने माझं नाव सुचवलं. मोहित्यांनी निरोप दिला : शनिवारी सकाळी अकरा वाजता शाळेच्या हॉलमध्ये ये, गिटार आणि बॉक्स स्वतःचा आण. बरा वाटलास तर त्याच संध्याकाळी श्रीरामपूरच्या कार्यक्रमाला आमच्या गाडीत बसायचं. नाहीतर दुसरा एक जण आहेच.

मला त्या गाडीत बसायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. कारण गाडीत बसलो नाही तर पुढे काय, ते मला माहीत होतं. पुढे पप्पांचं वर्कशॉप होतं.

माझे वडील दानिएल भिंगारदिवे. खुर्च्या, पलंग, दारं-खिडक्या सगळं करायचे, पण गाव त्यांना ओळखायचं ते शवपेट्यांसाठी. ख्रिस्ती माणूस गेला की घरचे आधी चर्चच्या पाळकांकडे जायचे आणि तिथून थेट आमच्याकडे यायचे. शाळेत पोरं मला पेटीवाला म्हणायची. मी उंच व्हायला लागलो तेव्हा वर्गात एकाने पट्टीने माझी लांबी मोजून किती प्लायवूड लागेल ते फळ्यावर लिहिलं होतं. मी त्याचा दात पाडला आणि आठ दिवस वर्गाबाहेर उभा राहिलो. पप्पांना त्यात रागवण्यासारखं काय आहे ते कळलंच नाही. “लागतंच की प्लायवूड,” ते म्हणाले.

ऑर्केस्ट्रा त्यांना मान्य नव्हता. मंडळीचे पंच होते ते, लग्नाच्या वरातीतही नाचणाऱ्यांकडे पाठ करून चालायचे. तरी मी बॉक्स करून द्याल का विचारलं तेव्हा “कधी पाहिजे?” एवढंच विचारलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. हो म्हणतील आणि त्यांच्या पद्धतीने करतील, हे मी विसरलो.

आडवी फळी त्यांनी टाकलीच. गुरुवारी दुपारी पहिली चाचणी घेतली. मी जेवणाच्या सुट्टीत घरी आलो, उसना आणलेला अँप्लिफायर जोडला आणि सगळ्यात जाड तार छेडली. वर्कशॉपभर खडखडाट झाला.

“फाटला,” मी म्हणालो.

“थांब. परत वाजव.”

मी परत वाजवली. पप्पांनी बॉक्सला हात लावला नाही. ते मांडणीवरच्या स्क्रूंच्या डब्यांकडे गेले, एकेक डबा उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवू लागले. मी तार छेडायची, त्यांनी कान द्यायचा, मग आणखी एक डबा बाहेर. बारा डबे झाले. मग भिंतीवरचा आरसा काढला, मग रंध्यांची फळी. प्रत्येक वेळी खडखड थोडी कमी व्हायची. शेवटी वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं आणि बॉक्स एवढंच उरलं आणि तार छेडली तेव्हा फक्त तिचाच आवाज आला. नुसता कानाला नाही, तळपायाला आला.

पण आत कुठेतरी पोकळ घुमत होतं. पप्पांनी मागची फळी उघडली, घरातून जुनी गादी आणून फाडली आणि आतल्या तिन्ही भिंतींना कापसाचा थर चिकटवायला घेतला. नकाशात कापूसही नव्हता. मी काही बोललो नाही, कारण कापूस लावल्यावर घुमणं थांबलं.

“कसा वाटतो?” मी विचारलं.

त्यांनी बॉक्सच्या कडेवरून अंगठा फिरवला. “डावीकडचा जोड ओला आहे अजून. उद्या रेक्झिन चढवतो.”

दोन आठवडे राबून त्यांच्या तोंडून एवढंच निघालं. मी सायकलवर टांग टाकून दुकानात परत गेलो आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आलो तर बॉक्स तयार. काळं रेक्झिन एकही सुरकुती न ठेवता चढवलेलं, पुढे जाळी, कोपऱ्यांना पत्रा. आणि दोन्ही बाजूंना पितळी कडी. जाड, नक्षीची, घासून लखलखीत केलेली. ती कडी मी लहानपणापासून ओळखत होतो. सहा-सहाच्या संचाने ती आमच्या कपाटात असायची आणि लोकांच्या खांद्यांशेजारून कबरस्तानात जायची.

“ही काढा,” मी म्हणालो.

“चांगली कडी आहेत.”

“पप्पा, ही मयताची कडी आहेत.”

“एवढं वजन पत्र्याच्या कड्यांना पेलत नाही. हात कापतात. ही धरून बघ.”

“मला धरायची नाहीत. काढा.”

“रेक्झिनला भोकं राहतील.”

“राहू द्या. मी काही कुणाला पुरायला चाललो नाही.”

आई दारात येऊन उभी राहिली. पप्पांनी हातातलं फडकं झटकलं, घडी घातली, बाकावर ठेवलं. “तुझ्या पोटाला लागणारं सगळं या कड्यांवर आलं,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. ते कधीच आवाज चढवत नसत आणि मला त्याचाच जास्त संताप यायचा. मी जेवलो नाही. उद्या गाडीत बसलो की पुन्हा या वर्कशॉपचं तोंड बघणार नाही, असं आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो.

सकाळी दहाला अन्वर टेम्पो घेऊन आला. बॉक्स बघून त्याने शिट्टी वाजवली. “रूबेन, आत कोण आहे?”

“गप उचल.”

आम्ही दोन्हीकडून कडी धरली. बॉक्स सहज उचलला गेला, हात कापले नाहीत. याचाही मला राग आला. टेम्पोच्या हौद्यात तो ढकलत होतो तेवढ्यात पप्पा वर्कशॉपमधून बाहेर आले.

“रूबेन, मागच्या बाजूला...”

“आता काही सांगू नका.”

“निघायच्या आधी एकदा...”

“दोन आठवडे ऐकतोय, पप्पा. फळी टाका, कापूस लावा, कडी लावा. झालं ना तुमच्या मनासारखं? आता माझं मला करू द्या.”

ते थांबले. अन्वर उगाच टायरकडे बघत उभा राहिला. मग पप्पा गिटारच्या पिशवीपाशी गेले, तिच्या पुढच्या खिशाची चेन उघडली आणि आत काहीतरी सरकवून बंद केली. मी ते पाहिलं. मला वाटलं, बायबलचा नवा करार. मी कुठेही गावाला निघालो की ते खिशात मावणारा छोटा नवा करार पिशवीत टाकायचे, दहावीच्या परीक्षेपासूनची सवय. नाचगाण्याला चाललेल्या पोराच्या पिशवीत हे शेवटचं उपदेशाचं हत्यार, असं वाटून मी दात आवळले. खिसा उघडून बघितला नाही.

हॉलमध्ये मोहिते खुर्ची उलटी टाकून बसले होते. पन्नाशीचा माणूस, पांढरे बूट, बोलायला सरळ. शेजारी दुसरा उमेदवार, पुण्याहून आणलेल्या कंपनीच्या बॉक्सवर पाय ठेवून. आम्ही माझा बॉक्स स्टेजवर चढवला तेव्हा ढोलकीवाल्याने कडी पाहिली आणि शेजारच्याच्या कानात काहीतरी म्हणाला. दोघं खाली मान घालून हसले. मी बॉक्स भिंतीला पाठ लावून ठेवला, वायर जोडली.

पहिलं गाणं उडतं होतं. बोटं भराभर फिरत होती, बॉक्स खणखणीत बोलत होता. मोहित्यांनी मान डोलावली आणि दुसरं सांगितलं. ते संथ होतं. त्यात ध्रुपदाच्या शेवटी सगळ्यात खालचा सूर धरून ठेवायचा असतो, चार मात्रा. मी तो धरला आणि बॉक्समधून खर्रर्र असा आवाज आला.

मोहित्यांनी हात वर केला. “काय झालं?”

“काही नाही. परत घेतो.”

परत घेतलं. परत खर्रर्र. वरचे सूर साफ, तो एक सूर आला की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं. मी हॉलमध्ये डबे शोधायला लागलो. खरंच शोधले. खिडक्यांची तावदानं दाबून पाहिली, मागचं बाक हलवलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

“स्पीकर फाटलाय का?” मोहित्यांनी विचारलं.

“नवा आहे. परवा घरी वाजवला तेव्हा साफ होता.”

“घरी ना.” ते उठून माझ्याजवळ आले. “हात चांगला आहे तुझा, भिंगारदिवे. खोटं नाही सांगत. पण मला आज सातला लोकांसमोर उभं राहायचंय. बॉक्स कुणी केला?”

“वडिलांनी.”

“ते कपाटं बरी करत असतील,” ते म्हणाले आणि दुसऱ्याकडे वळले. तो तोवर उठून वायरची गुंडाळी सोडवत होता.

ढोलकीवाला पुन्हा हसला. मी त्याच्या दिशेने दोन पावलं टाकली, पण अन्वरने माझा दंड धरला आणि बॉक्सच्या दुसऱ्या कड्याकडे बोट दाखवलं. आम्ही तो उचलून बाहेर आणला. टेम्पोत चढवताना अन्वरचं तोंड बॉक्सच्या पाठीकडे होतं.

“अरे, हे बघ,” तो म्हणाला. “स्क्रू ढिले आहेत.”

मागच्या फळीला अठरा स्क्रू होते. चौदा घट्ट. चार कोपऱ्यांतले चार वर उचललेले, दोन-दोन आटे शिल्लक ठेवून. मी फळीचा कोपरा दाबला तर तो आत गेला आणि सोडला तर बाहेर आला. खालचा सूर धरला की तीच थरथरत होती.

चार कोपरे बघताच मला सगळं कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. आमच्याकडे शवपेटी घरी येते तेव्हा झाकणाचे चार कोपऱ्यांतले स्क्रू सैल असतात. शेवटचं दर्शन झालं, प्रार्थना झाली, की ते घरच्या माणसांनी पिळायचे. मुलगा, भाऊ, नवरा. सुताराने ते पिळायचे नसतात. पप्पांनी आयुष्यभरात हजार पेट्या केल्या असतील आणि हजारांचे चार-चार स्क्रू सैल सोडले असतील. माझ्या बॉक्सवरही त्यांचा हात तसाच चालला. कडी तीच, प्लायवूड तेच, सवय तीच. माझी सगळी उमेद त्यांनी मयताच्या पेटीत घालून दिली होती.

घरी पोचेपर्यंत मी अन्वरशी एक शब्द बोललो नाही. टेम्पो थांबायच्या आत उडी मारली.

वर्कशॉपमध्ये पप्पांबरोबर एक माणूस उभा होता. ओळखीचा नव्हता. हातात टोपी, डोळे सुजलेले. मी ते पाहिलं आणि तरीही बोललो. हे मी आज लपवणार नाही.

“चार स्क्रू सैल सोडले तुम्ही,” मी म्हणालो. “मेलेल्यांच्या पेट्या करून करून जिवंत माणसाची वस्तू कशी करायची तेही विसरलात. तिथं वीस लोकांसमोर माझी शोभा झाली. दुसऱ्याला घेतलं त्यांनी. मनासारखं झालं ना? आता बसतो इथंच. लोक मरत राहतील, आपण पेट्या करत राहू.”

तो माणूस टोपीच्या कडा चुरत राहिला. पप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातात लोखंडी मुठीचा नेहमीचा नसलेला एक जुनाट स्क्रू ड्रायव्हर होता, तो त्यांनी बाकावर ठेवला.

“तू आत जा,” ते मला म्हणाले. मग त्या माणसाला म्हणाले, “भाऊ, बसा तुम्ही. पाचला पेटी तयार असंल.”

आईने माझं मनगट धरलं आणि ओढतच घरात नेलं. एवढी ताकद तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

“त्याची बायको गेली सकाळी,” ती म्हणाली. “लाज वाटायला पाहिजे तुला.”

“मला वाटायला पाहिजे? त्यांना पेटी आणि बॉक्स यातला फरक कळत नाही.”

“बस इथं.” तिने मला पलंगावर बसवलं. “याचे शेवटचे चार स्क्रू कुणी पिळलेत माहीत आहे?”

मी खाली पलंगाच्या पायाकडे पाहिलं.

“मी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. बाकी सगळा पलंग तयार करून मला बोलावलं, हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. मला धड धरताही येत नव्हता. म्हणाले, माझं काम इथपर्यंत, वस्तू ज्याची त्याने शेवटचा हात लावायचा. तुझा पाळणा केला तेव्हाही तसंच. चर्चचं व्यासपीठ केलं तेव्हा पाळकसाहेबांनी गुडघ्यावर बसून पिळले. गावातल्या कुणालाही विचार. तू कधी त्यांच्याकडून काही करून घेतलंच नाहीस, तुला कसं माहीत असणार?”

“मग सांगायचं नाही का मला?”

“सकाळी तुझ्या पिशवीत काय ठेवलं त्यांनी?”

“नवा करार.”

“उघड.”

मी टेम्पोतून पिशवी आणली. पुढच्या खिशाची चेन ओढली. आत पप्पांचा स्क्रू ड्रायव्हर होता. शिसवी मुठीचा, त्यांनी स्वतः तासलेला, अंगठ्याच्या जागी झिजून खळगा पडलेला. तो ते कुणाला हात लावू देत नसत. हॉलमध्ये मी डबे शोधत फिरत होतो तेव्हा तो माझ्या पाठीमागे चार हातांवर पडून होता.

माझा राग गेला नाही. कुणावर काढायचा ते कळेना म्हणून तो जास्तच झाला. अन्वर आणि मी बॉक्स अंगणात उतरवला. मी जमिनीवर मांडी घातली आणि चार स्क्रू पिळले. शेवटचा इतका पिळला की मनगट दुखलं. मग वायर घरात ओढली, अँप्लिफायर जोडला आणि तोच खालचा सूर धरला, चार मात्रा, मग आठ, मग बोट दुखेपर्यंत. एक कण खर्रर्र नाही. घराच्या भिंतीला टेकवलेली सायकल सरकून आडवी झाली. अन्वर पायरीवर बसून ऐकत होता, त्याने हातातली बिडी पेटवलीच नाही.

तो माणूस गेला होता. पप्पा वर्कशॉपच्या दारात उभे होते, अंगावर भुसा. किती वेळ उभे होते माहीत नाही.

“सांगायचं होतं ना,” मी म्हणालो. मला ते ओरडून म्हणायचं होतं.

“सांगत होतो,” ते म्हणाले.

ही गोष्ट मी पुढे तीस वर्षं सांगत आलो. माझं स्वतःचं साउंडचं काम आहे, पोरांना बॉक्स करायला शिकवतो, तेव्हा हमखास सांगतो. पितळी कडी सांगतो, गादीचा कापूस सांगतो, चार सैल स्क्रू सांगतो, लोक पोट धरून हसतात. पप्पांचे हे दोन शब्द मात्र मी दर वेळी गाळले. टेम्पोपाशी दोनदा त्यांचं वाक्य मी तोडलं, तेही गाळलं. पप्पा होते तोवर त्यांच्यासमोरही मी ती तशीच सांगायचो आणि ते ऐकून घ्यायचे.

त्या दिवशी ते अंगण ओलांडून आले. बॉक्सच्या पाठीवर तळवा ठेवला, मला मानेने खूण केली. मी सूर धरला. तो विरेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मग तोच हात माझ्यासमोर धरला.

“झालं असंल तर तो दे,” ते म्हणाले. “सकाळपासून दुसऱ्याने काम करतोय. पाचला पेटी द्यायचीय.”

मी त्यांचा स्क्रू ड्रायव्हर पँटला पुसला आणि त्यांच्या हातात दिला.